डाव्या अंगाला बगळा

"गुण सांगायला तू उभी राहा," अंकुश मोरे म्हणाला, तेव्हा मी नाचणीचं पीठ मळत होते. हात थांबला नाही, पण हसू आलं.

"हैबतीनानांचे गुण? मी सांगू?"

"म्हणून तर तू. दुसरा कुणी उभा केला, तर भिडंखातर काहीतरी बोलंल. तू न्हाई बोलायचीस."

हे खरं होतं. भीड या गोष्टीशी माझं कधीच जमलं नाही. पुढे चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, तीही डॉक्टरांना तोंडावर सुनावतच केली.

आमचं मूळ पाळशिवणे धरणात बुडालं. लोक वर सरकले, डोंगराच्या अंगावर घरं बांधली, आणि गावाला जगाशी जोडणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे लाँच. बाजार, हायस्कूल, दवाखाना, एसटी, सगळं पलीकडच्या काठाला. जंगलातून वळसा घालून गेलं तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. लाँच गावाच्या मालकीची होती. तिचं नौका मंडळ होतं, आणि मंडळाचे अध्यक्ष होते हैबती शेलार, म्हणजे नाना. लाँच चालवायचे माझे वडील केरबा, म्हणजे आबा.

अध्यक्षाचं काम तसं एकच. सकाळी काठावर जायचं, पाणी बघायचं, वारा बघायचा आणि काठीला फडकं लावायचं. पांढरं लागलं की लाँच सुटणार. लाल लागलं की मग कलेक्टर येऊन उभा राहिला तरी सुटणार नाही. त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

वाद घालायची सोय तीन वर्षांनी एकदा यायची. असलेला अध्यक्ष पुन्हा उभा राहिला, की त्याने तो मान कमावलाय की नाही, हे आधी भर सभेत बोललं जायचं. पण उलटं. जे त्याच्या बाजूचे, त्यांच्यातल्या एकाने त्याचे दोष सांगायचे. जे विरोधातले, त्यांच्यातल्या एकाने गुण सांगायचे. पहिल्याच निवडणुकीला गावात डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हा म्हाताऱ्यांनी ही रीत घातली. मित्राने केलेली स्तुती आणि वैऱ्याने दिलेली शिवी फुकट मिळते, तिला किंमत नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि बोलायचं ते घोटाभर पाण्यात उभं राहून. खाली आमची गावदेवी बुडालेली आहे. काठावर माणूस काय वाटेल ते बोलो, पाण्यात उतरल्यावर खोटं बोलायचं नाही.

"तू पाण्यात उतर आणि सांग, मला एकबी गुण सापडला न्हाई," अंकुश म्हणाला. "झालं. मग मतदानबी न्हाई. रीतच तशी हाय. ज्याच्यात वैऱ्याला एक गुण दिसत न्हाई, तो बाद."

"आणि मग तुमी अध्यक्ष."

"मी न्हाई म्हणत न्हाई. पण खोटं सांग म्हणतोय का मी? या वर्षात किती बारी लाल फडकं लागलं, बग. माझं दूध किती बारी नासलं. आणि लाँच सुटली की ह्यो बाबा नाकावर पुढं जाऊन बसणार. पहिल्या फेरीला बी, शेवटच्या बी. फुकटात फिरणं. वर केरबाअण्णांशी बडबड. डाव्या अंगाला बगळा बसलाय, उजव्या अंगाला बगळा बसलाय. अरं, तू अध्यक्ष हाईस का बगळे राखणारा?"

आता मात्र मी मनापासून हसले. नानांची ती सवय सगळ्या लाँचला ठाऊक होती. मागच्या उन्हाळ्यापासून लागलेली. एकदा त्यांनी सांगितलं त्या बाजूला मी मुद्दाम पाहिलं होतं. पाण्यातून वर आलेला जुन्या झाडाचा एक खुंट होता, बगळा कुठेच नव्हता. म्हाताऱ्याला भ्रम व्हायला लागला, असं मी शेजारणीला म्हटलं होतं.

"खोटं बोलायला लागणारच न्हाई मला," मी अंकुशला म्हटलं. "उतरते पाण्यात."

आबा बाहेर पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. अंकुश गेल्यावर ते आत आले, भिंतीला धरून बसले आणि तांब्याकडे हात नेला. हात तांब्याच्या अलीकडेच जमिनीवर पडला. मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला.

"शाले, राग मनात धरून पाण्यात उतरू नगं," ते म्हणाले.

"मग कुठं ठिवू राग? फडताळात?"

 आबांना ठाऊक होतं मी कशाबद्दल बोलतेय. मागच्या माघात साताऱ्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत होती. मी पहाटे उठून, नवं पातळ नेसून काठावर गेले, तर काठीला लाल फडकं. झाडाचं पान हलत नव्हतं. पाणी तेलासारखं पडलं होतं. मी तशीच नानांच्या दारात गेले. ते घरात आडवे पडलेले. बाहेरसुद्धा आले नाहीत. आतूनच म्हणाले, "वारा हाय, शाले. मधल्या पाण्यात वारा हाय." मी म्हटलं, दाखवा मला.  मग मी आबांच्या पाया पडले. आबा, तुमी तरी चला, मी एकटीच बसते लाँचमधी. आबा चुलीकडे तोंड करून बसले होते. "लाल फडकं हाय, बाय," एवढंच म्हणाले. माझं वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे, आई नसलेल्या घरात बापाला भाकरी घालत आणि स्थळं नाकारत ते मला काढायचं होतं. त्याचा राग नानांवर होता आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नव्हतं.

"गुण शोधून तरी बग," आबा म्हणाले.

"कुठं शोधू?"

"लाँचमधी शोध," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

सभा दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर काठावरच्या जांभळीखाली भरली. उन्हाळा लागला होता, पाणी खाली उतरलं होतं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. लाँच धक्क्याला बांधलेली होती आणि आबा तिच्या दोराशेजारी एका दगडावर बसले होते. नाना सगळ्यांच्या पुढे, मांडीवर टोपी घेऊन. अध्यक्षाने त्या दिवशी टोपी काढून बसायचं असतं.

आधी दोष. नानांच्या बाजूने कोण उठतंय याची सगळ्यांना उत्सुकता होती. त्यांची बायको, येसूकाकी उठली. लोक हसले. त्यांच्या माणसांनी हुशारी केली होती. काकी सांगणार तंबाखू खातात, रात्री घोरतात, आणि दोषाचं काम उरकणार.

काकीने पातळ जरा वर खोचलं आणि पाण्यात उतरली.

"तंबाखू खातो," ती म्हणाली. "त्यो दोष मी धरत न्हाई, माझा बा बी खायचा." पुन्हा हसू. ती थांबली. "दोष असा हाय, की त्यो खोटं बोलतो."

हसू थांबलं.

"मागल्या माघात, शालनची मुलाखत हुती त्या दिवशी, लाल फडकं लागलं. ते मी लावलं. ह्याला रातभर ताप. दोन घोंगड्या घेऊन पडला हुता. पाणी बघायला गेला न्हाई का वारा बघायला गेला न्हाई. मला म्हणतो, जा, लाल लाव. मी म्हणलं, अवो, मला वरी उफणायची हाय, सूप हातात घिऊन मगाधरनं उभी हाय, भुस्कटसुदिक उडंना. वारा कुठनं आणला तुमी? तर म्हणतो, वारा हाय. लाव. मी लावलं. ही पोरगी दारात येऊन रडली, मी आत चुलीपाशी ऐकत बसले. तवापासनं मी इचारती, का रं बाबा असं केलं? सांगत न्हाई. नवऱ्याचा हट्ट म्हणून घरात मी पुष्कळ सोसलं. पण पोरीचं वरीस गेलं. ह्यो दोष हाय, आणि ह्यो बारका न्हाई."

ती पाण्याबाहेर आली आणि नानांकडे न बघता बायकांत जाऊन बसली.

 माघापासून मी जे म्हणत होते, ते खरं होतं. अंकुशने माझ्याकडे बघून मान हलवली. आता तर कामच सोपं झालं होतं.

दोन बोलण्यांच्या मध्ये चहा व्हायचा. मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. कुणीतरी आबांना चहा नेऊन दिला. आबांनी हात पुढे केला, तो कपाच्या बाजूने गेला. देणाऱ्याने नकळत कप त्यांच्या बोटांना लावला. आबांनी तो धरला आणि तोंड नानांच्या दिशेने वळवलं. नानांनी उठून आबांच्या पायाजवळ पडलेलं दोराचं वेटोळं बाजूला सारलं आणि परत जागेवर जाऊन बसले.

मी ते पाहिलं. आणि मग एकामागोमाग सगळं आठवत गेलं. आबांनी पत्ते खेळणं सोडलं होतं, कंटाळा येतो म्हणाले होते. दाढी मागच्या उन्हाळ्यापासून न्हाव्याकडे. तांब्या. भिंत. मी घरात रोज समोर बसत होते आणि म्हणत होते, वय झालं.

आमच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. पाणी रोज उतरतं, त्यामुळे आज कुठला खुंट वर आहे आणि कुठला वीतभर खाली दबा धरून आहे, हे पाठ करून चालत नाही. ते बघावं लागतं. आणि मागच्या उन्हाळ्यापासून लाँचच्या नाकावर बसून एक माणूस बगळे सांगत होता. जिथे खुंट, तिथे बगळा. त्या दिवशी तो माणूस तापात पडला होता.

"शालन," अंकुशने हाक मारली. "उतर."

मी उतरले. पाणी वरून कोमट होतं, खाली तळाला गार. समोर सगळं गाव. मला माझा राग शोधूनही सापडेना, आणि तो हरवल्याचाच मला राग आला. मी खरं सांगितलं तर आबांची लाँच जाणार होती आणि आबांकडे लाँचशिवाय दुसरं काही नव्हतं. गुण नाही म्हटलं, तर पाण्यात खोटं बोलल्यासारखं होतं.

"एक गुण सापडला," मी म्हटलं.

अंकुशचा चेहरा पडला. नानांनी मान वर केली.

"ते वर्षभर लाँचच्या पुढं बसले. एक फेरी चुकवली न्हाई."

लोक असे हसले की जांभळीवरची पाखरं उडाली.

"ह्यो गुण?" अंकुश म्हणाला. "अगं, बगळे मोजत बसला त्यो."

"रीत एका गुणाची हाय. मी एक सांगितला. मला दुसरं बोलायचं न्हाई."

मी बाहेर यायला पाऊल उचललं, पण अंकुश काही सोडणारा नव्हता. तो नानांकडे वळला. "गुण ऱ्हाऊ द्या. काकी पाण्यात उभ्या राहून बोलल्यात. वारा न्हवता. मग लाल का लावलं, ते गावाला सांगा. पोरीला सांगा."

नानांनी टोपी मांडीवर सरळ केली. ते काठावर बसलेले होते, कोरड्या जमिनीवर.

"वारा हुता," ते म्हणाले.

"म्हंजी मी पाण्यात खोटं बोलले?" येसूकाकी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"तू खोटं न्हाई. तुला वाटला न्हाई. मधल्या पाण्यात हुता."

बायकोला गावासमोर खोटं पाडण्याच्या काठावर तो माणूस आला होता, आणि तरी खाली घातलेली मान वर करत नव्हता. मी आबांकडे पाहिलं. आबा दगडावरून उठले होते. हात पुढे धरून, पायांनी चाचपत ते काठाकडे येत होते. कुणीतरी म्हणालं, "केरबाअण्णा, पायताण." आबा पायताणासकट पाण्यात उतरले आणि माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले. तोंड गावाकडे होतं, पण थोडं बाजूला.

"न्हवता वारा," आबा म्हणाले.

"केरबा, बस खाली," नाना म्हणाले.

"तू गप, हैबती. पुष्कळ बोललास माझ्याकडनं." आबा थांबले. "मला दिसत न्हाई. जवळचं थोडं धूसर, लांबचं काईच न्हाई. साताऱ्याला इंजनाचा पार्ट आणायला गेलतो म्हणलं, तवा ह्यानं मला डोळ्याच्या डाक्टरकडं नेलतं. नस सुकतीया, म्हणाला. परत यायची न्हाई. मी ह्याच्या पाया पडलो. म्हणलं, माझी शालन एकदा मार्गी लागू दे. तवर मला चाकावरनं उठवू नगं. ह्यो म्हणाला, मग मी पुढं बसतो. मी बगळा म्हणीन तिकडं खुंट हाय, असं समज. आणि ज्या दिवशी मला येता येणार न्हाई, त्या दिवशी लाँच सुटणार न्हाई." त्यांचा हात हवेत माझ्याकडे आला. "नेमका तुझ्याच दिवशी ह्याला ताप आला, बाय."

मी तो हात धरला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

 मग अंकुश बोलला, आणि त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता.

"नाना, वरीसभर आमची पोरंबाळं आंधळ्याच्या हातात दिली तुमी."

"मी पुढं हुतो," नाना म्हणाले.

"आणि तुमाला पुढं बसल्या जागी काही झालं असतं तर?"

 नानांनी बहुतेक हाच प्रश्न वर्षभर रोज स्वतःला विचारला असणार.

आबांनी कमरेची लाँचची किल्ली काढली आणि अंदाजाने पुढे धरली. नाना उठले, पाण्यात आले आणि ती घेतली. मग हात वर करून मतं झाली. नानांच्या बाजूने बरेच हात आले. रडणाऱ्या बायकांचे तर सगळे. पण अंकुशच्या बाजूने थोडे जास्त आले. येसूकाकीने नवऱ्यासाठी हात वर केला आणि सगळ्यांत शेवटी खाली घेतला. नानांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि किल्ली अंकुशला दिली.

लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले.

"हात कुणाला दिलास, शाले?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. आम्ही काठावर होतो.

"अंकुशदादाला," मी म्हटलं. "माझी शेजारीण रोज तान्हं पोर घिऊन त्या लाँचमधी बसती, नाना."

त्यांनी मान डोलावली. "बरं केलंस," ते म्हणाले. "मीबी मला दिला न्हाई."

त्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी पांढरं फडकं होतं, अंकुशने लावलेलं. चाकावर शेजारच्या गावाहून आणलेला जवान ड्रायव्हर होता, चांगल्या नजरेचा. पुढे, लाँचच्या नाकावर, दोन म्हातारे उतारू म्हणून बसले होते. मला पोचवायला आले होते म्हणे. दोघांनी तिकिटं काढली होती.

मधल्या पाण्यात आल्यावर नानांनी आबांच्या गुडघ्याला हात लावला.

"केरबा, डाव्या अंगाला बगळा."

ड्रायव्हरने डावीकडे पाहिलं, खुंट लांब होता, त्याने चाक हलवलं नाही. मीही पाहिलं. खुंटावर एक पाय वर घेऊन खरोखरीचा बगळा बसला होता. आबांनी तोंड डावीकडे वळवलं आणि तसंच ठेवलं.

"उडाला का रं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"न्हाई," नाना म्हणाले. "बसलाय अजून."